इथला नर कोणता

मागचं झाड उद्या सकाळी पाडायचं ठरलं, तेव्हा थोरलीला कोणी विचारलं नाही. सांगितलं मात्र सगळ्यांनी, आणि प्रत्येकानं आपापल्या तऱ्हेनं. धाकट्या दिरांनी सांगितलं ते बाटल्या भरायच्या नव्या यंत्राचे गुण गात. धाकट्या जावेनं सांगितलं ते डोळ्यांत पाणी आणून. कारण यंत्र मागे बसलं नसतं तर तिच्या झोपायच्या खोलीखाली बसलं असतं, आणि ते संकट टळल्याचा आनंद लपवायला तिला दुसरं काही सुचलं नाही. नणंदेनं, म्हणजे वन्संनी, जाता जाता सांगितलं. आणि नवऱ्यानं सांगितलं ते वर्तमानपत्राआडून.

"मागची खोलीही जाईल," थोरले म्हणाले. "तुझं सामान वर हलवू. वर वारा चांगला येतो."

मागची खोली थोरलीची होती. सासरे गेल्यावर घराच्या वाटण्या झाल्या नाहीत, पण खोल्यांच्या झाल्या, आणि मूलबाळ नसलेल्या माणसाला जागा किती लागते, असं म्हणत म्हणत तिच्या वाट्याला ही आली. थोरले पहाटेच्या ट्रकचं निमित्त करून कचेरीशेजारच्या खोलीत झोपू लागले आणि मग तिथलेच झाले. मागे राहिलं एक पलंग, एक शिवणयंत्र आणि एक खिडकी. घरच्या सरबताच्या कारखान्यात गर गाळायला लागणारी फडकी थोरली याच यंत्रावर शिवायची. खिडकीबाहेर ते झाड होतं. ऊन तापलं की त्याची सावली खिडकीतून आत यायची आणि दुपारभर पलंगावर पडून असायची. या घरात आपलं म्हणावं असं थोरलीला काही असेल, तर ती सावली आणि ती पडायची ती जागा. उद्या दोन्ही जाणार होतं.

झाडं मूळची जंगलातली. सासरे लाकडाचे ठेकेदार होते. ज्या जंगलावर त्यांनी आयुष्यभर कुऱ्हाड चालवली, त्यातलीच पाच रोपं उपटून आणून त्यांनी घराभोवती लावली होती. चार पुढे, एक मागे. पुढच्या चारांना लिंबाएवढी जांभळट लाल फळं लगडायची. जाड साल, आत आंबटगोड गर. त्याचं सरबत करून विकता विकता घराचं नाव झालं. झाडाचं शास्त्रीय नाव कोणाच्या जिभेवर बसत नसे, म्हणून घरात त्याला नुसतं 'फळ' म्हणत. बाकीच्या फळांना नावं होती.

पाचवं मात्र अंगभर फुलायचं आणि सगळं गाळून मोकळं व्हायचं. फळ एक नाही. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं 'वांझ'. मग त्यांनी उपाय सुरू केले. बुंध्यात खिळे ठोकले, साल खाचली, मुळाशी मीठ पुरलं, हातात कुऱ्हाड घेऊन त्याला धाक घातला. फुकट पाणी पितंस, जागा अडवतंस, लाज कशी वाटत नाही, असं त्या झाडाला घालूनपाडून बोलायच्या. बोलण्याआधी खिडकी उघडी आहे ना, एवढं बघून घ्यायच्या. त्याच वर्षांत खिडकीच्या आत थोरलीवरही उपाय चालले होते. काढे, चाटणं, पुड्या, शेक. झाडाचं एक बरं होतं, त्याला गिळावं लागत नव्हतं.

तर असं सगळं ठरलेलं असताना त्याच दुपारी फळबागेचे तज्ज्ञ आले. त्यांना धाकट्यांनीच बोलावलं होतं, पण पुढच्या झाडांसाठी. गेले दोन हंगाम फळ निम्म्यावर आलं होतं आणि यंत्र घेतलं होतं दुप्पट बाटल्या भरणारं. यंत्र दारात आलं की फळाला आपोआप लाज वाटेल, असा बहुधा धाकट्यांचा अंदाज होता.

तज्ज्ञांनी चारही झाडं पाहिली, पानं उलटून पाहिली, माती चिमटीत घेऊन हुंगली आणि व्हरांड्यात चहाला बसले. सगळे जमले होते. वन्संही होत्या, त्या दोन दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या, त्याला आता महिना होत आला होता.

"झाडं निरोगी आहेत," तज्ज्ञ म्हणाले. "मातीही चांगली आहे. फळ का धरत नाही ते बघायला हवं. बरं, इथला नर कोणता?"

धाकट्यांनी कप खाली ठेवला आणि कॉलर सारखी केली.

"तसे थोरले हे," ते भावाकडे हात करून म्हणाले, "पण व्यवहार सगळा मी बघतो. तुम्ही माझ्याशीच बोला."

तज्ज्ञांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा झाडांकडे.

"झाडांतला म्हणतोय मी."

थोरली किटली घेऊन दारात उभी होती. तिनं ओठ आवळून हसू दाबलं.

"झाडांत कसला नर?" धाकटी म्हणाली. ती शाळेत भाषा शिकवायची आणि घरी आल्यावरही थांबायची नाही. "झाड नपुंसकलिंगी असतं. ते झाड."

"व्याकरणात असेल," तज्ज्ञ म्हणाले. "या जातीत नर झाड वेगळं, मादी झाड वेगळं. या चारही माद्या आहेत. नराच्या फुलातले पराग मधमाश्यांनी, वाऱ्यानं इथवर आणले तरच यांना फळ धरतं. आणि तुम्हाला इतकी वर्षं फळ मिळतंय, म्हणजे नर जवळच कुठेतरी असणार."

"जवळपास कोणी नाही," धाकटे म्हणाले. "पाचवं एक आहे मागे, पण ते वांझ आहे."

हा शब्द घरात इतका रुळला होता की तो ऐकून कोणी थबकत नसे. तज्ज्ञ थबकले.

"वांझ म्हणजे?"

"फुलतं आणि गळतं. पहिल्यापासून तसंच."

"दाखवा बरं."

कोणी जागचं हललं नाही. थोरलीनं किटली ठेवली. "चला," ती म्हणाली. "माझ्या खोलीवरूनच वाट आहे."

मग मात्र सगळेच मागोमाग आले. झाड भर फुलात होतं आणि खाली फुलांचा खच पडला होता. तज्ज्ञांनी आधी बुंध्यावरून हात फिरवला.

"हे खिळे कशाला?"

"फळ यावं म्हणून," थोरले म्हणाले.

"आणि या खाचा?"

"त्याही."

"मुळाशी मीठही घातलंय," वन्संनी माहिती पुरवली. "चांगलं पोतंभर. आईचं कुठलंच काम अर्धवट नसायचं."

तज्ज्ञांनी एक फूल खुडून नखानं उभं चिरलं आणि तळहातावर धरलं. सगळी डोकी त्यावर वाकली.

"ही पिवळी पूड दिसते? हे पराग. आणि हे बघा, फळ धरायला यात जागाच नाही. हे वांझबिंझ काही नाही. हा नर आहे. तुमच्या चारही झाडांचं फळ आजवर याच्या जिवावर आलंय." त्यांनी वर पाहिलं. "या बाजूच्या फांद्या कुठे गेल्या?"

धाकट्यांनी कान खाजवला. "ट्रक वळायला अडचण व्हायची. म्हणून उतरवल्या."

"कधी?"

"झाले दोन हंगाम."

"आणि फळ कमी कधीपासून झालं म्हणालात?"

उत्तर सगळ्यांनाच येत होतं.

"उद्या सकाळी पाडायचंय हे," थोरलीनं सांगितलं.

"पाडा की," तज्ज्ञ हात झटकत म्हणाले. "फळाची काळजी कायमची मिटेल."

ते गेले आणि घरातली हवा पालटली. संध्याकाळ व्हायच्या आत मागच्या झाडाला वजन आलं. जेवायला बसेपर्यंत ते 'ते' राहिलं नव्हतं. 'तो' झालं होतं.

"मला आधीपासूनच वाटायचं," वन्संनी ताट पुढे ओढत सुरुवात केली. "त्याची ऐटच वेगळी."

"काल तर तुम्ही म्हणालात, त्याचं लाकूड जळायच्याही लायकीचं नाही," धाकटी म्हणाली.

"काल कुठे माहीत होतं?" वन्संनी आवाज चढवला. "आता कळल्यावर कसा पाडायचा? बाबांनी स्वतःच्या हातानं लावलाय. घराण्यातला पुरुष आहे तो."

"अहो, पण नर केवढा लागतो?" धाकटीला आता धोका दिसू लागला होता. "एवढं धूड कशाला हवं? एखादं लहानसं कलम आणून कुंपणाशी लावा. लागेल तेवढा नर मिळेल."

"कलम फुलावर यायला किती वर्षं जातील?" धाकटे म्हणाले. "तोवर यंत्रात काय घालायचं, पाणी?"

"मग यंत्र बसवणार कुठे?"

यावर सगळ्यांनी आपापल्या ताटात पाहिलं. जागा दोनच होत्या. एक उद्या मोकळी होणार होती ती आता होणार नव्हती आणि दुसरीच्या वर धाकटीचा पलंग होता. तिच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. या वेळी खरं.

"जाऊबाई, तुम्ही तरी बोला ना," ती थोरलीकडे वळली. सकाळी धाकटीनंच सगळ्यांत आधी खोली पाडायला होकार भरला होता. "तुम्हाला वरची खोली मिळत होती. केवढा वारा येतो तिथे."

"मला वारा सोसत नाही," थोरली म्हणाली आणि तिला वाढायला भांडं पुढे केलं.

धाकटे आज मनानं मोठे झाले होते. फांद्या आपणच तोडल्या, हे कोणी पुन्हा काढायच्या आत चूक सगळ्यांत वाटून टाकावी, असा त्यात थोडा व्यवहारही होता. त्यांनी घसा साफ केला.

"चूक एकाची नाही, आपल्या सगळ्यांची आहे," ते म्हणाले. "आई म्हणाली वांझ, आपण री ओढली. फळ येत नाही म्हणजे दोष त्याचाच, असं धरून चाललो. वर्षानुवर्षं उपाय करत बसलो. पण एकदा कोणाला दाखवावं, तपासून घ्यावं, हे काही कोणाला सुचलं नाही."

ते झाडाबद्दलच बोलत होते. धाकट्यांच्या बोलण्यात दुसरा अर्थ असायची कोणाला सवय नव्हती, त्यांना स्वतःलाही नाही. पण वाक्य पुरं होऊन टेबलावर पडलं आणि मग सावकाश एकेकाला ऐकू आलं. वन्संचा घास तोंडाशी थांबला. धाकटीनं नाक पुसता पुसता हात खाली घेतला.

"दाखवलं होतं," थोरली म्हणाली.

"कोणाला?" धाकट्यांना अजून पोचलं नव्हतं.

"डॉक्टरांना. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी. सगळ्या तपासण्या झाल्या माझ्या." तिनं पाण्याचा तांब्या उचलून दिरांचा पेला भरला. "ते म्हणाले, तुमच्यात दोष नाही. पुढच्या वेळी यजमानांना घेऊन या, त्यांनाही तपासून घेऊ."

"मग?" धाकटीनं विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता.

"मग सासूबाई म्हणाल्या, पुरुषाचं काय तपासायचं?"

थोरल्यांनी मान वर केली नाही. सासूबाई तसं म्हणाल्या तेव्हा ते दारात बूट घालत होते. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा केवढं हायसं उमटलं होतं ते थोरलीनं पाहिलं होतं, आणि ते तिनं पाहिलं हे त्यांनीही पाहिलं होतं. त्यानंतर संसार झाला, कारखाना झाला, बाटल्यांवरची चिट्ठी तीनदा बदलली, पण त्या सकाळबद्दल दोघांत एक शब्द झाला नाही. थोरलीला वाटायचं, कधीतरी ते विचारतील. विचारलं नाही तरी निदान एकदा सासूबाईंना गप्प बसवतील. सासूबाई शेवटी आपल्या आपणच गप्प झाल्या, त्याला देवाशिवाय कोणाची मदत लागली नाही.

टेबलाशी जो तो ताटातला भात पुन्हा पुन्हा कालवू लागला. अशा वेळी या घरात नेहमी वन्संच धावून येत.

"ते जाऊ दे आता," त्या म्हणाल्या. "झालं गेलं. पण ते खिळे मात्र काढायला हवेत हं. बिचारा. काय काय सोसलं त्यानं."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. झाडाविषयी वाईट वाटून घेणं सोपं होतं, ते त्यांनी मनापासून वाटून घेतलं. धाकटे म्हणाले, पुढच्या हंगामात त्याला चांगलं खत घालू. धाकटीसुद्धा म्हणाली की मीठ फार झालं, एवढं नको होतं. जेवण आटपल्यावर वन्संनी मागे जाऊन बुंध्यावर हात ठेवला आणि 'माफ कर हो आईला' असं मोठ्यानं म्हणाल्या. खिडकी उघडी होती. पण त्यांनी काही ती बघून घेतली नव्हती.

थोरलीला राग आला. इतक्या वर्षांत रडू पुष्कळदा आलं होतं, राग असा आला नव्हता. झाड वाचलं याचा तिला आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण झाड वाचलं ते सावलीसाठी नव्हे आणि तिच्यासाठी तर नव्हेच. काल होतं तेच झाड आजही होतं. त्यानं एक पानही जास्तीचं हलवलं नव्हतं. बाई समजून ज्याला खिळे ठोकले, त्याची पुरुष निघाल्यावर सगळ्या घरानं माफी मागितली. आणि जी बाई होती, तिच्याकडून तांब्याभर पाणी वाढून घेतलं.

सकाळी झाड तोडणारे वेळेवर हजर झाले. धाकट्यांना वाटलं होतं थोरल्यांनी निरोप पाठवला असेल, थोरल्यांना वाटलं होतं धाकट्यांनी. मुकादम करवत खांद्यावर घेऊन फाटकातून आत आला.

"ते वांझ कुठलं म्हणालात?" त्यानं विचारलं. "दाखवा, म्हणजे उरकून टाकतो."

धाकटे पुढे झाले. "अहो, जरा घोळ झालाय. ते वांझ नाही. नर आहे तो."

मुकादमानं धाकट्यांकडे नीट बघून घेतलं. "मला काय, साहेब. आम्ही दोन्ही तोडतो."

"तोडायचंच नाहीये."

"नर आहे म्हणून?"

"हो. म्हणजे तसंच काही नाही, पण हो."

"मागे एका गिऱ्हाइकानं आपल्या अंगणातलं झाड तोडून घेतलं, तेव्हा विचारलं नव्हतं मी काय आहे ते," मुकादम स्वतःशीच म्हणाला. "पुढच्या वेळी आधी ठरवून ठेवा, मग बोलवा." आणि तो आला तसा गेला. धाकटी वरच्या खिडकीतून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होती.

थोरली खोलीत फडकी शिवायला बसली. थोड्या वेळानं खिडकीबाहेर पावलं वाजली. थोरले आले होते, एका हातात पक्कड आणि दुसऱ्यात रिकामा डबा. ते आत डोकावले नाहीत. झाडाशी उकिडवे बसून खिळा ओढू लागले. गंजलेला खिळा कुरकुरत निघाला आणि डब्यात वाजला. मग दुसरा निघाला. थोरलीनं शिवणयंत्र चालूच ठेवलं.

"हा माझा," थोरले मध्येच म्हणाले. एक खिळा इतरांपेक्षा खाली होता, थोडा वाकडा बसलेला. "आईनं हातात हातोडी दिली होती."

"माहीत आहे. मी इथेच होते."

त्यांनी पक्कड लावली. खिळा हलेना. त्यांनी बराच जोर लावून पाहिला, मग पक्कड तशीच धरून बसून राहिले. त्यांची मान मागून खूप म्हाताऱ्या माणसाची दिसत होती. थोरलीला दया आली आणि दया आली याचा परत रागही आला.

"दुखलं असेल का गं?" ते बुंध्याकडे बघत म्हणाले.

यंत्र थांबलं.

"झाडाचं विचारताय?"

एरवी ते 'हो' म्हणाले असते. 'हो' म्हणणं सोपं होतं, सगळं घर कालपासून तेच म्हणत होतं. त्यांनी पक्कड सोडली. ती खिळ्यालाच लटकून राहिली.

"नाही," ते म्हणाले.

थोरलीनं सुईखालचं फडकं सोडवलं, दोरा तोडला, घडी घातली. घडी नीट बसली नाही.

"दुखलं," ती म्हणाली. "फार दुखलं. आणि बाकीचं खिडकीतून सांगण्यासारखं नाही. पुढून फिरून आत या." ते उठले तसं तिनं पुन्हा हाक मारली. "ती पक्कड राहू द्या बाहेरच."